बीम, बार्स आणि सोळा कोर्स: न्यू जर्सीतल्या एका जिम्नॅस्टच्या कॉलेज-भरतीचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एका घराचं नाही. एडिसन, प्लेन्सबरो या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांत मुलगी जिम्नॅस्टिक्समध्ये पुढे जाऊ लागली की जे निर्णय घ्यावे लागतात आणि ज्या चुका होतात, त्या एका मुलीच्या हायस्कूलच्या चार वर्षांत बसवून इथे मांडल्या आहेत. मुलगी आणि तिचे गुण नमुन्यादाखल आहेत. नियम, तारखा आणि हिशेब मात्र खरे आहेत.

सुरुवातीची स्थिती

सप्टेंबर २०२२. मुलगी नववीत, म्हणजे अमेरिकेतल्या चार वर्षांच्या हायस्कूलच्या पहिल्या वर्षात. बारावी संपणार २०२६ च्या जूनमध्ये, म्हणून भरतीच्या भाषेत ती ‘२०२६ ची’. जन्म पुण्याचा, चार वर्षांची असताना अमेरिकेत आली. वडील एच-१बी व्हिसावर, ती एच-४ वर (अवलंबितांच्या व्हिसावर), ग्रीन कार्ड रांगेत. क्लबमध्ये आठवड्याला २० तास सराव, पाच दिवस. पातळी यूएसए जिम्नॅस्टिक्सच्या डेव्हलपमेंट प्रोग्रॅममधली लेव्हल ९. या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वरची लेव्हल १०, आणि डिव्हिजन १ च्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तीन गटांपैकी सगळ्यात वरच्या गटाच्या, कॉलेजांची बहुतेक भरती तिथूनच होते.

चार उपकरणांपैकी बीमवर (अरुंद तुळईवर) ती उजवी. बार्सवर (कमी-जास्त उंचीच्या दोन दांड्यांवर) हँडस्टँड सरळ, पाय जुळलेले. व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) कमजोर: युर्चेंको लेआउट, म्हणजे टेबलावर पाठमोरं जाऊन सरळ शरीराने घेतलेली कोलांटी, पीळ नाही. फ्लोअर (जमिनीवरच्या उड्या आणि नृत्य) बरा, पण उड्यांची उंची कमी. घरात ठरलं होतं ते असं: पहिल्या वीसमधलं विद्यापीठ, पूर्ण शिष्यवृत्ती, चारही उपकरणं. यातलं चौथं, म्हणजे ‘अभ्यास तर चांगलाच आहे’, हे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. शेवटी सगळ्यात जास्त कामाला तेच आलं, आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच झाला.

कॉलेजला नेमकं काय हवं असतं

कॉलेजच्या सामन्यात प्रत्येक उपकरणावर सहा मुली उतरतात, पाच गुण मोजले जातात. पाचजणींनी ९.८ दिले तर उपकरणाचे ४९, चार उपकरणांचे १९६. वरचे संघ १९७ च्या पुढे असतात. एक मुलगी पडली तर तिचा गुण गळतो आणि संघ वाचतो. दुसरी पडली की पडण्याचा अर्धा गुण संघाच्या बेरजेत येतो. म्हणून प्रशिक्षक शोधत असतात ती दर आठवड्याला न पडता ९.८ देणारी मुलगी. जानेवारी ते एप्रिल, जवळजवळ दर आठवड्याला सामना. चारही उपकरणं करणाऱ्या मुली संघात मोजक्याच असतात. बाकीच्या एक, दोन किंवा तीन उपकरणांवर.

बीमवर ९.८ म्हणजे किती जागा उरते ते बघा. एक डळमळ ०.१, एका उडीत पाय पूर्ण न उघडल्याचे ०.०५, उतरताना छोटीशी उडी ०.०५. झाले ०.२ खर्च. यापुढे काही चुकायचं नाही. लेव्हल १० मध्ये ९.५ चा बीम घरी कौतुकाचा असतो, पण कॉलेजचा प्रशिक्षक त्यातला उरलेला अर्धा गुण कुठे गेला ते शोधतो. तो डळमळीत गेला असेल तर सुधारतो. पाठीच्या लवचिकतेअभावी किंवा वाकड्या पायांमुळे गेला असेल तर चार वर्षांत फारसा सुधारत नाही, हे त्याला माहीत असतं.

स्टार्ट व्हॅल्यूचाही, म्हणजे वजावटीआधी मालिकेला मिळू शकणाऱ्या कमाल गुणांचाही, फरक आहे. लेव्हल १० मध्ये सगळ्या अटी पूर्ण केल्या की ९.५ पासून सुरुवात, उरलेले ०.५ बोनसचे. कॉलेजमध्ये सुरुवात ९.४ पासून, बोनस ०.६ मिळवावा लागतो. म्हणजे लेव्हल १० ची १०.० ची मालिका कॉलेजमध्ये आपोआप १०.० ची होत नाही. एखादी जोडणी किंवा वरच्या श्रेणीचं कौशल्य वाढवावं लागतं. व्हॉल्टमध्ये तर हिशेब उघडाच आहे: युर्चेंको फुल (एका पूर्ण पिळाची) २०१६ च्या मोसमापासून ९.९५ वर आली, दीड पिळाची १०.० वर राहिली. आपली मुलगी फुललाही पोचली नव्हती.

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे. घरचे तिला चौरस करायला निघाले होते, आणि बाजारात भाव होता दोन धारदार कडांना.

नववी: कागदांचं वर्ष

एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, आणि खेळाडूची पात्रता तपासतं तिचं एलिजिबिलिटी सेंटर. त्याची डिव्हिजन १ ची अट सोळा कोअर (मुख्य विषयांच्या) कोर्सची: इंग्रजी ४, गणित ३ (अल्जिब्रा १ किंवा वरचं), विज्ञान २, या तिघांपैकी आणखी १, समाजशास्त्र २, आणि परदेशी भाषा वगैरे धरून आणखी ४. कोअर जीपीए, म्हणजे या कोर्सच्या श्रेणींची सरासरी, किमान २.३. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली. पण विद्यापीठाची स्वतःची अट वेगळी असते, आणि बऱ्याच विद्यापीठांनी ती परत आणली आहे. त्यामुळे ‘एसएटी लागत नाही’ हे अर्धसत्य धरून बसू नये.

मराठी घरात २.३ हा आकडा ऐकून हसू येतं. ज्या मुलीला बी मिळाला तर घरात दोन दिवस शांतता असते, तिला ही अट काय अडवणार? अट जीपीएने अडवत नाही, यादीने अडवते. प्रत्येक शाळेचे मंजूर कोअर कोर्स एनसीएएच्या संकेतस्थळावर असतात. त्या यादीत कोर्स नसेल तर ए-प्लसचाही उपयोग शून्य.

झालं ते असं. नववीनंतरच्या उन्हाळ्यात तिने भूमिती आणि रसायनशास्त्र एका खासगी ऑनलाइन शाळेतून उरकले. हेतू हा, की दहावीत दुपारी एकला शाळेतून निघून सरावाला जाता यावं. स्वतःच्या गतीने करायचे कोर्स, शिक्षकाशी संपर्क नावापुरता, काही आठवड्यांत संपले. ऑनलाइन कोर्ससाठी एनसीएएची अट अशी की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात नियमित संपर्क हवा आणि कोर्स पुरा करायचा कालावधी ठरलेला हवा. ते कोर्स मंजूर यादीत नव्हते. आठवीत केलेला अल्जिब्रा १ हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) श्रेणी आणि क्रेडिटसह नोंदलेला नव्हता, त्यामुळे तोही धरला जात नव्हता.

हे अकरावीच्या सप्टेंबरात शाळेच्या काउन्सेलरच्या लक्षात आलं. बारावी सुरू होण्याआधी सोळापैकी दहा कोर्स पूर्ण हवेत, आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचे हवेत. शिवाय त्या सात कोर्सच्या श्रेणी तिथेच गोठतात. बारावीत परत करून सुधारता येत नाहीत. तिचा हिशेब: इंग्रजी ३, गणित २ (अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस), विज्ञान २ (जीवशास्त्र, भौतिकशास्त्र). बरोबर सात. एखादा कोर्स अर्धवट राहिला असता तर पहिल्या वर्षी सामने बंद.

उपाय दोन केले. शाळेकडून अल्जिब्रा १ ची नोंद हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर करून घेतली. एनसीएए ते मान्य करते. आणि रसायनशास्त्र शाळेतच अकरावीत परत घेतलं. त्यासाठी मंगळवारचा सराव दीड तास उशिरा सुरू झाला, क्लबने कुरकुरत का होईना मानलं. नववीत, कोर्स घेण्याआधी, काउन्सेलरबरोबर यादी उघडून अर्धा तास बसलं असतं तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

दहावी: ईमेल, व्हिडिओ, कॅम्प

२०२४ च्या जानेवारीत पहिला लेव्हल १० चा मोसम. सरासरी व्हॉल्ट ९.१, बार्स ९.३५, बीम ९.५, फ्लोअर ९.२, एकूण ३७.१५. न्यू जर्सी यूएसए जिम्नॅस्टिक्सच्या विभागांपैकी रीजन ७ मध्ये येतं, आणि तिथली स्पर्धा तगडी. राज्य स्पर्धा मार्चमध्ये, रीजनल एप्रिलमध्ये.

भरतीचा नियम २०१९ पासून असा आहे: डिव्हिजन १ च्या प्रशिक्षकाला दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीविषयी बोलता येत नाही, ना फोन, ना मेसेज, ना कॅम्पमध्ये कोपऱ्यात घेऊन. त्याआधी आठवीतल्या मुली कॉलेजला शब्द देऊन बसायच्या, ते या नियमाने थांबलं. पण मुलीने ईमेल पाठवायला कधीच बंदी नाही. प्रशिक्षक वाचतात, यादी करतात, उत्तर देत नाहीत. फार तर कॅम्पचं पत्रक किंवा प्रश्नावली येते. ‘उत्तर आलं नाही म्हणजे नकार’ असं समजून बऱ्याच मुली इथेच लिहिणं थांबवतात, आणि ते चुकतं. डिव्हिजन ३ ला ही बंदी नाही, त्यामुळे तिथल्या एका प्रशिक्षिकेचं उत्तर फेब्रुवारीतच आलं. घरच्यांनी ते ‘डिव्हिजन ३ ना, राहू दे’ म्हणून बाजूला टाकलं. तीन दिवसांनी मुलीने स्वतः आभाराचं उत्तर लिहिलं, हे बरं झालं.

तिची पहिली ईमेल वडिलांनी लिहिली होती. पाच परिच्छेद, त्यात भरतनाट्यम आणि स्पेलिंग बी. ती गेली असती तर उघडून बंद झाली असती. कामाची ईमेल फोनच्या पडद्यावर एका नजरेत मावते. विषयाच्या ओळीत नाव, २०२६, लेव्हल १०, न्यू जर्सी, बीम आणि बार्स. आत जीपीए, कुठला विषय शिकायचा आहे, क्लब आणि क्लबच्या प्रशिक्षकाचा संपर्क, मोसमातले गुण, पुढच्या स्पर्धांच्या तारखा, व्हिडिओचा दुवा. आणि त्या कॉलेजबद्दल एक खरं वाक्य, जे दुसऱ्या कॉलेजला चिकटवता येणार नाही. ईमेल मुलीच्या पत्त्यावरून, मुलीच्या शब्दांत. आई-वडिलांची ईमेल प्रशिक्षक ओळखतात, आणि ‘हिच्याशी बोलायचं की हिच्या बाबांशी’ हा प्रश्न मनात एकदा आला की जात नाही.

व्हिडिओ अडीच मिनिटांचा. पहिले वीस सेकंद सगळ्यात चांगलं, म्हणजे तिच्या बाबतीत बीमवरची अ‍ॅक्रो मालिका (सलग कोलांट्या). मग बार्स आणि बीमची पूर्ण मालिका, न कापता. कापलेला व्हिडिओ दिसला की प्रशिक्षक कापलेल्या जागी काय झालं असेल त्याचाच विचार करतो. फोन आडवा, स्टँडवर. बार्स आणि बीम बाजूने, फ्लोअर कोपऱ्यातून कर्णरेषेवर, व्हॉल्ट बाजूने आणि टेबलापासून उतरण्यापर्यंत सगळं चौकटीत. गाणं नाही, स्लो मोशन नाही. कौशल्य सराव-खड्ड्यात केलेलं असेल तर तसं लिहायचं. मऊ गादी ओळखू येतेच. हेच व्हिडिओ इन्स्टाग्रामवर वेगळ्या खात्यावर, महिन्यातून दोन-तीनदा. बहुतेक प्रशिक्षक तिथेच नजर ठेवतात. खातं आईच्या फोनवरही उघडं होतं, आणि खासगी तालमीची वेळ ठरवताना क्लबच्या प्रशिक्षकाच्या मेसेजमध्ये एक पालक असायचाच. सेफस्पोर्टच्या, म्हणजे खेळाडूंना छळापासून जपण्याच्या, नियमांप्रमाणे ते तसंच हवं. यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टची कारवाई झालेल्यांची यादी सगळ्यांना खुली आहे. कॅम्पला पाठवण्याआधी त्यात नावं बघायला दोन मिनिटं लागतात.

कॅम्पबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कॅम्पचं आमंत्रण म्हणजे आवड दाखवणं नव्हे. ते शेकडोंना जातं आणि कॅम्प हे कार्यक्रमाच्या उत्पन्नाचंही साधन आहे. दोन कॅम्प पुरतात: एक जिथे खरंच जायचंय तिथला, एक जवळचा, स्वतःला पारखायला.

१५ जून २०२४

मध्यरात्री बारा वाजून एक मिनिटाने फोन वाजतो अशी या खेळात रीतच आहे. यादीतल्या बारा नामांकित कॉलेजांपैकी एकाचाही वाजला नाही. दिवसभरात चार संपर्क: एक मधल्या फळीतलं डिव्हिजन १, एक आयव्ही लीग, पेनसिल्व्हेनियातलं एक डिव्हिजन २, आणि फेब्रुवारीतल्या त्या डिव्हिजन ३ च्या प्रशिक्षिका.

घरात सुतक पडल्यासारखं झालं. खरं तर हा निकाल वाईट नव्हता, यादी वाईट होती. बारापैकी दहा कॉलेजं तिने टीव्हीवर बघून निवडली होती. तिथे युर्चेंको दीड असलेल्या मुलीही रांगेत असतात.

नवी यादी मग उलट्या दिशेने केली. प्रत्येक संघाचा रोस्टर (खेळाडूंची यादी) उघडायचा, २०२६ च्या वसंतात कोण शिकून बाहेर पडणार ते लिहायचं, आणि त्या मुली कुठल्या उपकरणावर उतरतात ते ‘रोड टू नॅशनल्स’ या कॉलेज जिम्नॅस्टिक्सच्या संकेतस्थळावरच्या गुणांतून बघायचं. एका संघात बीमच्या सहाजणींपैकी चौघी जाणार होत्या, आणि नव्याने शब्द दिलेल्या मुलींत बीमवाली एकच होती. उलट एका नावाजलेल्या संघात बीमवर पुढच्या तीन वर्षांत एकही जागा मोकळी नव्हती. डिव्हिजन १ मध्ये महिलांचे संघ सुमारे साठ. ही तपासणी दोन संध्याकाळींत होते, पण फार थोडी घरं ती करतात. (मुलग्यांसाठी हे सगळं आणखी अरुंद आहे, एनसीएएत पुरुषांचे संघ पंधराच्या आसपासच उरलेत.)

बाकीच्यांना दर सहा आठवड्यांनी ताज्या व्हिडिओसह ईमेल. फोनवर बोलायचं मुलीनेच. वडील खोलीत बसणार, पण स्पीकरवर नाही. तिने तीन प्रश्न लिहून ठेवले होते: मला कुठल्या उपकरणांवर बघता, माझ्या वर्षात किती मुली घेणार, आणि तुमच्या यादीत मी साधारण कुठे आहे. तिसरा प्रश्न विचारायला धीर लागतो. उत्तर गोलमोल आलं तरी तेही उत्तरच असतं.

अकरावी: पाठ

१ ऑगस्ट २०२४ पासून भेटी सुरू. अधिकृत भेटीचा खर्च कॉलेज करतं. २०२३ पासून भेटींच्या संख्येवर मर्यादा नाही, एका कॉलेजला एकदा. ती दोन ठिकाणी गेली. मधल्या फळीतल्या डिव्हिजन १ च्या प्रशिक्षकाने सांगितलं: बीम नक्की, बार्स बहुधा, व्हॉल्ट आम्हाला नको.

हे वाक्य घरी नीट ऐकलं गेलं नाही. ‘व्हॉल्ट आला तर मोठी कॉलेजंही बघतील’ म्हणून सप्टेंबरपासून व्हॉल्टची आवर्तनं वाढली, फुलवरून थेट दीडकडे, शिवाय फ्लोअरवर डबल बॅक (एका उडीत मागे दोन कोलांट्या). वर्षभरात तिची उंची वाढली होती. ऑक्टोबरात कंबर दुखू लागली. मागे वाकताना, एका बाजूला, नेमक्या जागी. तिने सांगितलं नाही; मोसम तोंडावर होता. सहा आठवडे आयबुप्रोफेन आणि गरम पाण्याची पिशवी. एक्स-रे स्वच्छ आला, म्हणून आणखी दोन आठवडे गेले. डिसेंबरमध्ये एमआरआय झाला: कंबरेच्या मणक्याच्या पार्स भागात स्ट्रेस फ्रॅक्चर, स्पॉन्डिलोलायसिस. किशोरवयीन जिम्नॅस्टमध्ये ही दुखापत नेहमीची आहे, आणि सुरुवातीला ती एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. मागे वाकल्यावर वाढणारं, दोन आठवड्यांत न जाणारं दुखणं क्रीडावैद्याकडे न्यायचं. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या उत्तरावर थांबायचं नाही.

साधारण तीन महिने उड्या, कमान, आपटणं सगळं बंद. म्हणजे भरतीसाठी सगळ्यात मोलाचा अकरावीचा मोसम गेला.

याच सुमारास रक्त तपासलं, तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) खाली आणि ड जीवनसत्त्वही कमी. घर शाकाहारी. वरण-भात, पोळी-भाजी, ताक हे जेवण चांगलंच, पण २० तास सराव करणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला ते प्रमाणात पुरत नव्हतं. तिला दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि लोह १५ मिलिग्रॅम. वनस्पतीजन्य लोह कमी शोषलं जातं, म्हणून शाकाहारी मुलीला त्याच्या पावणेदोनपट तरी धरावं लागतं. वर जेवणाची वेळ चुकत होती: दुपारी साडेबाराला डबा, मग रात्री नऊला जेवण, मध्ये चार तास सराव. आहारतज्ज्ञाने फॅन्सी काही दिलं नाही. सरावाआधी केळं आणि पीनट बटरची पोळी, संपल्यावर गाडीतच दूध किंवा सोया दूध आणि मूठभर शेंगदाणे-चणे, रात्री पनीर किंवा टोफू किंवा उसळ दुप्पट, वर लिंबू. चहा जेवणाबरोबर बंद, कारण तो लोह अडवतो. लोहाची गोळी डॉक्टरांनी मोजून दिली. पाळी तीन महिने चुकली होती हे आईला माहीत होतं, पण ‘खेळणाऱ्या मुलींचं होतं तसं’ म्हणून सोडून दिलं होतं. ते तसं सोडायचं नसतं. खाणं आणि मेहनत यांचा मेळ बिघडल्याची ती खूण आहे, आणि हाडं त्यातच कमजोर होतात.

प्रशिक्षकांना कळवायचं का? क्लबमध्ये दोन मतं होती. कळवलं, आणि तेच बरोबर होतं. ईमेल चार ओळींची: निदान, डॉक्टरांची मुदत, परतण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा, पुढचा व्हिडिओ कधी. संघात दाखल होताना वैद्यकीय तपासणी होतेच. तेव्हा जुनी दुखापत बाहेर आली तर फ्रॅक्चरपेक्षा लपवाछपवी जास्त नडते. आयव्हीच्या प्रशिक्षिका टिकून राहिल्या, डिव्हिजन १ चे प्रशिक्षकही. डिव्हिजन २ कडून पुढे काही आलं नाही.

परतताना व्हॉल्ट सोडला. फ्लोअर थांबवला. बार्सवर आधी झोके, मग हँडस्टँड, शेवटी उतरणं. बीमवरून उतरण्यासाठी गेनर फुल (पुढे जात मागे घेतलेली, एका पिळाची कोलांटी) ठेवली. कॉलेजमध्ये ती सर्रास चालते आणि तिच्या पाठीला धावत येऊन केलेल्या उड्यांपेक्षा सोसली. स्पर्धेतले गुण नसल्याची भरपाई म्हणून क्लबने मे २०२५ मध्ये बाहेरच्या पंच बोलावून अंतर्गत चाचणी घेतली. बार्स ९.५५, बीम ९.६५. गुणांसोबत पंचांनी लिहिलेली वजावटीची चिठ्ठीही व्हिडिओबरोबर पाठवली. प्रशिक्षकांना गुणांपेक्षा चिठ्ठीच जास्त आवडली.

६ जून २०२५ आणि त्यानंतरचे सहा महिने

त्या दिवशी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस’ खटल्यातली, म्हणजे कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या खटल्यातली, तडजोड मंजूर केली. १ जुलैपासून तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि रोस्टरवर मर्यादा आली. महिला जिम्नॅस्टिक्समध्ये आधी १२ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या आणि विनाशिष्यवृत्ती मुली कितीही. आता जास्तीत जास्त २० मुली, पण शिष्यवृत्ती सगळ्यांना देता येते, तुकड्यातुकड्याने सुद्धा. वीस भागिले चार, म्हणजे वर्षाला पाचेक जागा, आणि त्यातल्या काही ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून बदलून, येणाऱ्या तयार मुली खातात.

वसंतात तिसऱ्या एका डिव्हिजन १ संघाने वॉक-ऑन म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीविना, ये असं तोंडी सांगितलं होतं. त्यांच्याकडे २४ मुली होत्या. जूनच्या अखेरीस फोन आला: जागा नाही. तक्रार कुठे करणार? तोंडी शब्द दोन्ही बाजूंना बांधत नाही. खेळाडू आणि कॉलेज यांना बांधणारं नॅशनल लेटर ऑफ इंटेंट हे पत्रही ऑक्टोबर २०२४ मध्येच बंद झालं. आता आर्थिक साहाय्याचा करार हाच कागद. तो हातात येईपर्यंत दुसरी दारं उघडी ठेवायची.

जुलैत आयव्हीचं प्री-रीड, म्हणजे अर्जाआधीची प्रवेशाची चाचपणी. महिला जिम्नॅस्टिक्सचे संघ ब्राउन, कॉर्नेल, पेन आणि येल या चारच ठिकाणी. ट्रान्सक्रिप्ट, एसएटी आणि बारावीचे विषय पाठवले की प्रवेश कार्यालय अंदाज देतं. तिचा हिरवा, म्हणजे अनुकूल, आला. ऑनलाइन कोर्सचा प्रश्न त्यांनीही विचारला. शाळेत परत घेतलेल्या रसायनशास्त्राने तो मिटला. पण आयव्हीत खेळाची शिष्यवृत्ती नसते, साहाय्य फक्त गरजेवर. आई-वडील दोघेही नोकरीत, आर्थिक अंदाज जवळजवळ पूर्ण फीचा आला. एच-४ वर असल्याने फेडरल साहाय्य नाही. शिवाय परदेशी नागरिकाने साहाय्य मागितलं तर प्रवेशावर त्याचा परिणाम होतो का, हे चारही ठिकाणी सारखं नाही. येल परदेशी नागरिकांच्या बाबतीतही गरज न पाहता प्रवेश ठरवतं. सगळीकडे तसं नाही.

व्हिसाचा मुद्दा मराठी घरांत सगळ्यात उशिरा निघतो, म्हणून इथेच सांगून टाकू. एच-४ वरच्या मुलीला कामाची परवानगी नसते. खेळाची शिष्यवृत्ती घेता येते, ते काम नव्हे. पण जाहिरातीचे पैसे किंवा कॉलेज खेळाडूंना जो महसुलाचा वाटा देऊ लागलं आहे तो घेणं म्हणजे व्हिसा धोक्यात घालणं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय सही नाही, इन्स्टाग्रामवर लिओटार्डच्या कंपनीचा फुकट माल स्वीकारण्याआधी सुद्धा. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मध्यावर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर जावं लागतं. राज्याच्या रहिवाशाची फी लागू होते का, हे प्रत्येक कॉलेजकडून लेखी घ्यायचं. शिष्यवृत्तीतला खोली-जेवणाचा भाग करपात्र असतो, तो वेगळा.

बारावीच्या ऑक्टोबरात मधल्या फळीतल्या डिव्हिजन १ चा लेखी प्रस्ताव आला: साधारण निम्मा खर्च खेळातून, वर अभ्यासाची वेगळी शिष्यवृत्ती. करारात तीन गोष्टी तपासल्या: रक्कम किती वर्षांसाठी, दुखापतीने खेळता आलं नाही तर काय, उन्हाळी सत्राचा खर्च धरला आहे का. पहिलीचं उत्तर ‘दरवर्षी नूतनीकरण’ असं होतं. मुलीने विचारल्यावर ते चार वर्षांचं झालं. विचारलं नसतं तर तसंच राहिलं असतं. डिव्हिजन ३ ची जागा शेवटपर्यंत उघडी होती, आणि पाठ परत बिघडली असती तर तीच सगळ्यात शहाणी निवड ठरली असती: हंगाम हलका, अभ्यासाची शिष्यवृत्ती जवळजवळ तेवढीच. आयव्हीच्या प्रशिक्षिकांना तिने स्वतः फोन करून नाही सांगितलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये करारावर सही झाली.

त्यानंतरची कामं कंटाळवाणी पण चुकवू नयेत अशी. अकरावीपर्यंतची आणि शेवटची अशा दोन्ही ट्रान्सक्रिप्ट एलिजिबिलिटी सेंटरला शाळेकडूनच जायला हव्यात. हौशी खेळाडू असल्याच्या अंतिम प्रमाणपत्राची विनंती १ एप्रिलपासून भरता येते, आणि त्यात कुठल्या स्पर्धेत पैसे मिळाले का हे विचारतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मिळालेला धनादेशही तिथे लिहून टाकायचा, लपवायचा नाही. बारावीच्या मोसमात तिने बार्स आणि बीमच घ्यावं, असं नव्या प्रशिक्षकाने कळवलं आहे. फ्लोअरचं नृत्य उन्हाळ्यात कॅम्पसवर बसवतील.